पाच अँपियर

महिन्याच्या दोन तारखेला मी जिने चढतो.
लेबनॉनच्या ह्या हल्बा गावात लिफ्ट आहेत,
पण लिफ्टला वीज लागते, आणि वीज म्हणजे आम्ही:
अबू सलीम मालक, त्याचं ते डिझेल पिणारं धूड,
आणि वसुलीची वही काखेत मारलेला मी, यमीन.
सरकारी वीज यायची दोन तास,
रुसलेल्या जावयासारखी, न सांगता,
की लगेच सगळं घर धावायचं
पंप लाव, कपडे टाक, पाणी तापव.
उरलेले बावीस तास आमचे.

पाच अँपियरमध्ये फ्रिज आणि दोन दिवे.
इस्त्री करायची तर फ्रिज बंद.
ही वजाबाकी इथे झोपेतही पाठ आहे.

तिसऱ्या मजल्यावर वदादबाई. शाळेत गणित शिकवतात.
बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात
माझ्या नऊ वर्षांच्या पावत्या, रबर लावून.
त्या साली डिझेलची सबसिडी उठली.
मी दर महिन्याला जुना आकडा खोडून
नवा सांगू लागलो, चपलांकडे बघत.
लिरा ताकासारखा पातळ होत गेला.
जूनमध्ये बाईंचा पगार आणि माझी पावती
शेजारी शेजारी ठेवली, तर पावतीच उंच.
नाकापेक्षा मोती जड.

बाईंनी एका पावतीच्या पाठीवर दोन रेघा काढल्या.
एक उतरणारी: चिनी पत्रे, वर्षावर्षाला स्वस्त.
एक चढणारी: आम्ही.
"कुठे भेटतात, सांग."
म्हटलं, बाई, मी आठवीतून शाळा सोडली, तुमच्याच वर्गातून.
"म्हणूनच विचारतेय."
मग त्यांनीच पेन्सिलीचं टोक टेकवलं.
"इथे. मागच्या मंगळवारी."

मागच्या मंगळवारी मी काय करत होतो?
मोपेड पंक्चर होती. एक कोबी घेतला, किडका निघाला.
कुठे घंटा वाजली नाही, कुत्रंही भुंकलं नाही.
ऊन होतं, पण ते तर रोजच असतं,
त्याची कुणी पावती फाडत नाही.

बाईंनी दोन बांगड्या मोडल्या.
गच्चीवर जिथे झातर वाळत घालायच्या
तिथे सहा पत्रे, दक्षिणेकडे तोंड करून,
वर्गात शिस्तीत बसवल्यासारखे.
वहीत मी पहिली काट मारली.
मग शिंप्याची. मग दोन्ही दाताच्या डॉक्टरांची.
अबू सलीम म्हणाला, ढग येऊ देत, येतील परत.
ढग आले. तिघे आलेही, आठवडाभर, मान खाली घालून.
बाकीचे रात्री कोट घालून बसले, पण आले नाहीत.

एका दुपारी मालकाने इंजिन बंद केलं:
बारा ते चार आता परवडत नाही.
मी रस्त्यात थांबलो. कान गच्च झाले.
मग हळूहळू एक कॅनरी ऐकू आली,
कुणीतरी उचकी देत होतं,
आणि बेकरीवाल्याला दमा आहे
हे मला इतक्या वर्षांनी त्या दिवशी कळलं.

गिऱ्हाईक घटलं की डिझेल उरलेल्यांत वाटलं जातं.
तळमजल्यावर हुस्निया: भाड्याची खोली,
गच्ची घरमालकाची, मोडायला बांगडी नाही.
तिच्या दोन अँपियरला आता
जुन्या पाच अँपियरचा भाव.
बाईंच्या दोन रेघा तिच्या दारापर्यंत
अजून उतरल्याच नाहीत.
हे मी बाईंना सांगितलं नव्हतं.
शपथेवर सांगतो, मी काही म्हटलं नव्हतं.

ह्या दोन तारखेला जिना चढताना पाहिलं:
तिसऱ्या मजल्याच्या कठड्यावरून एक काळी वायर
कपड्यांच्या दोरीआडून खाली उतरलेली
थेट हुस्नियाच्या खिडकीत.
जोड कच्चा होता, टेप सैल.
मालकाला कळवणं हे माझं कामच आहे.
खिशातली टेप काढून तो मी नीट गुंडाळला,
दोन वेढे जास्तच,
आणि वहीत तिच्या नावापुढे लिहिलं:
घराला कुलूप.
आतून फ्रिजचा आवाज येत होता.